हेडविगचे डोळे

इब्सेनच्या 'द वाइल्ड डक' (१८८४) या नाटकातला यालमार फोटोग्राफर आहे. म्हणजे धंदा त्याच्या नावावर. गिऱ्हाईक, हिशेब, रिटचिंग (निगेटिव्हवरचे डाग बुजवणं) हे सगळं बायको जीना बघते. परभणीत फोटो स्टुडिओ चालवणाऱ्या माझ्यासारख्या बाईला यात नवीन काही नाही!

या नाटकावरून सायमन स्टोनने २०१५ साली 'द डॉटर' हा सिनेमा काढला. त्याआधी सिडनीत त्यानं हेच नाटक बसवलं होतं. सिनेमात नॉर्वे जाऊन ऑस्ट्रेलियातलं लाकूडगिरणीचं गाव आलंय. मालक हेन्री (जेफ्री रश) गिरणी बंद करतो. बंद पडलेला साखर कारखाना ज्यांनी पाहिलाय, त्यांना ते गाव ओळखीचं वाटेल. बापाच्या, म्हणजे हेन्रीच्याच, लग्नासाठी अमेरिकेहून आलेल्या ख्रिश्चनला कळतं, की मित्राची, ऑलिव्हरची, मुलगी हेडविग खरं तर हेन्रीची. मग खरं बोलायचा हट्ट, आणि सत्यानाश.

पण यालमारचा इथं ऑलिव्हर झालाय, गिरणीतला कामगार. स्टुडिओ गेला, आणि त्याबरोबर तिसऱ्या अंकातली माझ्या लेखी सगळ्यात भयंकर जागाही गेली. हेडविगची नजर अधू होत चाललीय, हे यालमारला माहीत आहे. त्याला माळ्यावर पाळलेल्या रानबदकापाशी जायचंय, काम पडलंय. पोर म्हणते, द्या, मी करते रिटचिंग. तो देतो. वर बजावतो, डोळे खराब करू नकोस, केलेस तर जबाबदारी तुझी.

आमच्या मामांनी, म्हणजे सासऱ्यांनी, पेन्सिलीला सुईसारखं टोक काढून निगेटिव्हवर लोकांच्या चेहऱ्यावरचे देवीचे व्रण बुजवलेत. त्या कामाला नजर किती लागते ते त्यांना ठाऊक. ॲडमिशनच्या दिवसांत माझी लेक पासपोर्ट फोटोंचं बॅकग्राउंड काढत कॉम्प्युटरपुढं बसली, की आतून ओरडतात, "उठीव तिला तिथून!"

हेन्रीचं पाप मोठं, सगळ्यांना दिसणारं. यालमारचं हे रोजचं, आणि ते त्याच्या स्वतःच्या गावीही नाही. सिनेमातला ऑलिव्हर (इवन लेस्ली) इतका मायाळू आहे, की तो हेडविगला झिडकारतो तेव्हाही आपल्याला त्याचीच कीव येते. काम उत्तमच केलंय त्यानं. पण मग दोष उरतो तो फक्त हेन्री आणि ख्रिश्चनचा.

सिनेमा हेडविगला दवाखान्यात सोडून संपतो. नाटकात ती मरते, आणि डॉक्टर रेलिंग म्हणतो, वर्ष उलटायच्या आत यालमार तिच्यावर गळा काढून भाषण ठोकत असेल. ऑलिव्हरबद्दल असं म्हणायची सिनेमात कुणाची छाती झाली नसती.