‘पिक्चरेस्क’ कुठे लावावं

होमस्टेच्या जाहिरातीत हे विशेषण हमखास असतं आणि बरेचदा चुकतं. उच्चार ‘पिक्चरेस्क’, ‘पिक्चरस्क्यू’ नव्हे. शेवटी क्यू-यू-ई लिहायचं, पण ऐकू येतो नुसता ‘क’, जोर ‘रेस्क’वर. चित्रात शोभेल अशा देखाव्याला ते लागतं. किनाऱ्याला टेकलेल्या होड्या, मासळीचा लिलाव, पलीकडे पाण्यात सुवर्णदुर्ग: हर्णै बंदर पिक्चरेस्क. चिऱ्याच्या गडग्यांमधून (दगडी कुंपणांमधून) उतरणारी पाखाडी, म्हणजे पायऱ्यांची वाटसुद्धा. एसी खोली नाही. ती फार तर कम्फर्टेबल. सोलकढीला लावू नका, माणसाला तर नकोच. नवरी ब्युटिफुलच बरी. ‘पिक्चरेस्क लँग्वेज’ म्हणजे मात्र रंगतदार, ठसकेबाज बोलणं. मालवणी गाळी, म्हणजे शिव्या, त्यात चपखल बसतात!