आमची वाटचाल : पॅटर्न शॉप ते पाण्याखालचं देऊळ

आमचं मूळ काम पाण्याचं नाही, लाकडाचं. आप्पा उद्यमबागेतल्या फौंड्र्यांना पॅटर्न करून द्यायचे. बेळगावात कुणाला पॅटर्न म्हणजे काय ते सांगावं लागत नाही, पण बाहेरच्यांसाठी सांगते. बिडाचं कास्टिंग ओतायचं म्हटलं की आधी त्याचा लाकडी नमुना लागतो, तो वाळूत दाबून साचा करतात, मग नमुना काढून त्या पोकळीत रस ओततात. नमुना सागवानी असतो आणि ड्रॉइंगपेक्षा जरा मोठा करावा लागतो, कारण बीड थंड होताना साधारण एक टक्का आकसतं, म्हणजे मीटरला १० मिलीमीटर. आप्पांकडं त्यासाठी वेगळी पट्टीच होती, तिच्यावरचा सेंटीमीटर आपल्या सेंटीमीटरपेक्षा लांब. दादा एकदा तीच पट्टी शाळेत घेऊन गेला आणि सगळी भूमिती तिच्यावर केली, पाच सेंटीमीटरला अर्धा मिलीमीटर फरक, बाईंना कळलंसुद्धा नाही.

मग कॉम्प्युटर आला, सीएनसी म्हणजे कॉम्प्युटरवर चालणारं कटिंग मशीन आलं, हातानं पॅटर्न करून घेणारे कमी होत गेले. आप्पांनी कुरकुर केली नाही, पण शॉपमध्ये मशीनं जास्त आणि काम कमी असे दिवस आले. दादा आणि मी मिळेल ते करत होतो. दिवाळीला किल्ले, शिवजयंतीच्या चित्ररथांसाठी बुरूज-दरवाजे (आमच्याकडं शिवजयंती वैशाखात, तिथीनं, आणि मिरवणूक म्हणजे काय ते एकदा येऊन बघाच), गणपतीला थर्मोकोलची मखरं. मखरं चंदगड, गडहिंग्लज, कोल्हापूरपर्यंत जायची. २०१८ ला महाराष्ट्रात थर्मोकोलवर बंदी आली आणि ते गिऱ्हाईक एका सीझनमध्ये संपलं. बंदी चूक होती असं मी म्हणणार नाही, थर्मोकोल नदीत तरंगताना आम्हीही बघितलाय, पण उरलेला माल कुठं ठेवायचा हा प्रश्न आमचाच होता.

त्यानंतर बिल्डर लोकांची मॉडेलं सुरू झाली. एमडीएफ, अक्रिलिक, लेसर कटिंग, स्पंजची झाडं, छोट्या छोट्या गाड्या. पैसे उशिरा येतात पण येतात. त्यातल्याच एका बंगलो स्कीमच्या मॉडेलमध्ये स्विमिंग पूल होता. सगळे लोक तिथं निळं अक्रिलिक चिकटवतात, मी म्हटलं रेझिन, म्हणजे ओतल्यावर काचेसारखं घट्ट होणारं द्रव, ते ओतून बघूया की. अर्धा सेंटीमीटर ओतलं असेल, खाली फरशीच्या रेघा ओढल्या होत्या, त्या पाण्यातून दिसल्यासारख्या दिसायला लागल्या. साईट ऑफिसात जो येईल तो त्यात बोट घालायचा. शेवटी बिल्डरनं मॉडेलवर काच बसवून घेतली.

तिथून रेझिनचं वेड लागलं. पण खरं सांगायचं तर वर्षभराचा खर्च डायोरामावर, म्हणजे पेटीतल्या छोट्या देखाव्यांवर, निघत नाही. आमचं घर चालतं ते वरमालांवर. लग्नातला हार सिलिका जेलमध्ये (ओल शोषणारे बारीक खडे) सुकवायचा आणि रेझिनमध्ये बसवून फ्रेम करून द्यायची. ओलं फूल टाकलं की रेझिनच्या आत काळं पडतं, म्हणून लग्न झाल्याबरोबर हार आणून द्या असं आम्ही दहादा सांगतो, आणि तरी लोक हनिमूनहून आल्यावर पिशवीतून घेऊन येतात. असो.

आता ज्या कामामुळं लोक आम्हाला ओळखतात त्याबद्दल. हुक्केरी तालुक्यात घटप्रभेवर हिडकल धरण आहे. धरणाच्या पाण्यात जुनी गावं गेली, त्यात हुन्नूरचं विठ्ठलाचं देऊळही गेलं. उन्हाळ्यात पाणी उतरलं की ते देऊळ बाहेर येतं, मग लोक गाड्या काढून बघायला जातात, दर्शन घेतात, फोटो काढतात. त्या भागातले एक आजोबा नातवाला घेऊन शॉपवर आले. त्यांना ते देऊळ पाण्यात असलेलं हवं होतं, घरात ठेवायला. मी लगेच आमचे सॅम्पल दाखवले, निळंशार पाणी, खाली पांढरी वाळू, रंगीत मासे. आजोबांनी चष्मा वर करून बघितलं आणि म्हणाले, "पोरी, हे आमचं पाणी नव्हं. हे पिक्चरमधलं पाणी."

"मग तुमचं कसलं ओ आजोबा?"

"आमचं होय? पावसाळ्यात चहासारखं. दिवाळीला हिरवट. उन्हाळ्यात काठाकाठानं तेवढा तळ दिसतोय."

नातू म्हणाला, आजोबा, गढूळ केलं तर आतलं देऊळ कसं दिसणार? आणि खरी अडचण तीच होती. खरं पाणी केलं तर देऊळ दिसत नाही, देऊळ दिसलं तर पाणी खोटं. आमचा धंदा सगळा या दोन्हीच्या मध्ये कुठंतरी उभा आहे. इंटरनेटवर बघाल तर जो तो रेझिन काचेसारखं कसं ठेवायचं तेच शिकवतोय. आम्ही त्या दिवसापासून उलटं शिकायला लागलो, किती घाण करायचं ते.

आता आम्ही प्रत्येक गिऱ्हाइकाला पहिला प्रश्न विचारतो, कुठल्या महिन्याचं पाणी? त्याच्यावर रंगही ठरतो आणि पाण्याची पातळीही. आजोबांनी दिवाळीनंतरचं सांगितलं, कळस तेवढा वर.

देऊळ आप्पांनी केलं, सागवानात. स्केल १:५०, म्हणजे दोन मीटरचा दरवाजा चार सेंटीमीटर. मापं कुणाकडंच नव्हती, पण एका फोटोत आजोबा स्वतः खांबाला टेकून उभे होते, त्यांची उंची टेपनं मोजली आणि त्याच्यावरून खांब, खांबावरून बाकीचं. पॅटर्नवाल्याला हे अवघड नाही. मागच्या बाजूचा फोटो नव्हता, तिथं आप्पांनी भिंत साधी ठेवली, उगीच नक्षी कोरली नाही. फॅक्टरीचं ड्रॉइंग असू दे नाहीतर देऊळ, जे दाखवलेलं नाही ते करायचं नाही हा त्यांचा नियम.

लाकूड रेझिनमध्ये दोन प्रकारे त्रास देतं. एक तर तरंगतं. घट्ट झालेलं इपॉक्सी (आमचं रेझिन त्याच जातीचं) लिटरला साधारण १.१ किलो भरतं, सागवान त्याहून बरंच हलकं, त्यामुळं खालून स्क्रू मारून पायाला आवळलं नाही तर ओतताना देऊळ उठून बसेल. दुसरं म्हणजे लाकडाच्या छिद्रांत हवा असते, रेझिन तापलं की ती हवा बुडबुडे होऊन बाहेर येते, आणि नेमकी कळसाजवळ अडकते. म्हणून आधी ब्रशनं रेझिनचाच पातळ हात मारून सगळं बंद करायचं. आप्पा पॅटर्नला लाखेचं पॉलिश मारायचे त्यातलाच प्रकार, फक्त वास वेगळा.

तळाची माती आजोबांनीच पाठवून दिली, धरणाच्या काठची. ती वाळवली, वस्त्रगाळ केली, परत ओव्हनमध्ये वाळवली, कारण मातीत जरा जरी ओल राहिली तरी रेझिन धुरकट होतं. मग गोंदावर पसरून पक्की केली. देवळाच्या पायऱ्यांवर गाळ कसा बसला असेल याच्यावर दादाचं आणि माझं भांडण झालं. तो म्हणाला सगळीकडं सारखा बसेल, मी म्हटलं प्रवाहाच्या आडोशाला जास्त. आप्पा म्हणाले दोन्हीकडं थोडा थोडा टाका आणि जेवायला चला.

रेझिन किती लागेल याचा हिशेब सोपा आहे. पेटीची लांबी, रुंदी आणि पाण्याची खोली सेंटीमीटरमध्ये गुणायची, हजारानं भागायचं, तेवढे लिटर. आमची पेटी ४० बाय ३०, पाणी १५ सेंटीमीटर, म्हणजे १८ लिटर. त्यातून देऊळ आणि तळाचा उंचवटा वजा केला तर १२ च्या आसपास उरलं, म्हणजे १३ किलोच्या वर माल. एवढं एकदम ओतता येत नाही. रेझिन आणि हार्डनर (ते घट्ट करणारं दुसरं द्रव) मिसळलं की आपोआप उष्णता तयार होते, थर जाड असला की ती आत अडकते, त्यानं रिॲक्शन अजून जोरात होते, मग पिवळं पडणं, तडा जाणं, आणि फारच जाड असेल तर धूरसुद्धा निघतो. डीप पोअरचं सावकाश घट्ट होणारं रेझिन मिळतं, तरी आम्ही दीड सेंटीमीटरच्या वर जात नाही. दहा थर. आधीचा थर बोट लावलं तर चिकट लागतो पण बोटाला येत नाही अशा वेळी पुढचा ओतायचा, म्हणजे दोन्ही एकजीव होतात. पार कडक झाल्यावर ओतलं तर घासून घ्यावं लागतं, नाहीतर बाजूनं बघितलं की रेघ दिसते. रात्रीबेरात्री उठून बोट लावायचं काम माझ्याकडं आहे, ग्लोव्ह्ज घालून. इपॉक्सीची ॲलर्जी एकदा लागली की जात नाही, आमच्याकडं शिकायला येणाऱ्या पोरांना हे मी पहिलं सांगते. आणि वजनकाटा वापरा, अंदाजानं ओतू नका, हार्डनर जास्त घातलं म्हणून लवकर घट्ट होत नाही, उलट कायमचं मऊ राहतं.

रंग दहाही थरांत वेगळा. खालच्या थरांत हिरव्याबरोबर जरा तपकिरी आणि टाचणीच्या टोकावर मावेल एवढा पांढरा पिगमेंट. तो पांढराच पाण्याला गढूळपणा देतो, थेंबभर जास्त झाला की देऊळ गायब. वर वर येताना कमी करत जायचं, शेवटचे दोन थर जवळजवळ स्वच्छ. त्यामुळं समोरून कळस आणि शिखर नीट दिसतं, दरवाजा अंधुक, आणि पायऱ्या आहेत हे माहीत असलं तरच दिसतात. नातवाला ते आधी पटलं नाही. देवळावर भगवी पताका लावायची आणि ती पाण्यातून उठून दिसायला पाहिजे अशीही त्याची मागणी होती. मी सांगितलं, पाणी सगळ्यात आधी लाल रंग खातं, खोल गेलं की लाल-केशरी सगळं करडं दिसायला लागतं, त्यात हे गढूळ. शेवटी पताका कळसावर, पाण्याच्या वर लावली. तिथं कितीही केशरी असू दे.

वरचा पृष्ठभाग करताना लोक जोशात लाटा करतात. १:५० ला पाच मिलीमीटरची लाट म्हणजे खरी २५ सेंटीमीटरची, धरणात वादळ आल्यासारखं. आम्ही क्लिअर अक्रिलिक जेल ब्रशनं नुसतं टिपटिप करतो, एका बाजूनं वारा धरून. आणखी एक गोष्ट, रेझिन कडेला आणि कळसाला थोडं वर चढतं, खऱ्या पाण्यासारखंच, पण खऱ्या देवळाजवळचं ते चढणं १:५० ला दिसणारसुद्धा नाही. ती कड ब्लेडनं हळू काढावी लागते. हे कुणाच्या लक्षात येत नाही, पण नाही काढली तर देऊळ एकदम खेळणं वाटायला लागतं.

पेटीच्या बाजू स्क्रूच्या ठेवल्या, काम झाल्यावर सोडवून घेतल्या, मग ४०० नंबरच्या पॉलिश पेपरपासून ३००० पर्यंत (नंबर वाढेल तसा पेपर बारीक) पाण्यात घासणं आणि पॉलिश. हे काम दादा करतो, रेडिओ लावून, आणि त्या वेळी त्याला फोन आलेला चालत नाही.

आजोबा न्यायला आले तेव्हा बराच वेळ काही बोलले नाहीत, मग आप्पांना कानडीत विचारलं की मागची भिंत अशी साधी का. आप्पांनी कारण सांगितलं. आजोबा म्हणाले, साधीच होती. आप्पा तीनचार दिवस हवेत होते.

या कामानंतर मलप्रभेचा घाट, गावाकडची विहीर, तळ्यातली म्हैस अशा ऑर्डरी यायला लागल्या. म्हैस परत करणार नाही, केस लावता लावता जीव गेला. रेटवर लोक घासाघीस करतात, त्यांना आम्ही १३ किलोचा हिशेब कागदावर करून दाखवतो, मग निम्मे लोक पेटी लहान करतात आणि निम्मे उद्या सांगतो म्हणतात. दोन्ही चालतं. घाई असलेलं काम मात्र आम्ही आता घेत नाही. जून ते सप्टेंबर बेळगावची हवा एवढी दमट असते की रेझिनवर चिकट साय धरते आणि वर पांढुरकं होतं. एक खोली बंद करून त्यात डीह्युमिडिफायर लावलाय, पण लाईट गेली की तोही बसतो. त्यामुळं पावसाळ्यात लहान कामं, मोठं ओतणं दिवाळीनंतर. कुरिअरनं पाठवणं बंद केलंय, एकदा एका कुरिअरवाल्यानं पेटी उलटी ठेवून पोचवली होती, वर बाण काढलेला असताना. आता कोल्हापूर, हुबळी, गोव्यापर्यंत दादा गाडीत मांडीजवळ ठेवून नेतो. घेतल्यावर खिडकीत उन्हाला ठेवू नका एवढं सांगतो, चांगलं रेझिनसुद्धा उन्हानं पिवळं होतं.

सध्या टेबलावर विजयदुर्ग आहे. किल्ल्याजवळ समुद्रात पाण्याखाली एक दगडी भिंत आहे, गोव्याच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेच्या लोकांनी तिचा अभ्यास केलाय, १२२ मीटर लांब, ७ मीटर रुंद, ३ मीटर उंच. शत्रूची जहाजं तिच्यावर आपटायची असं लोक सांगतात. एका मंडळाला ती शिवजयंतीला हवी आहे. १:२०० नं केली तरी लांबी ६१ सेंटीमीटर होते आणि उंची जेमतेम दीड, म्हणजे लांबलचक पेटी आणि तळाशी चिंचोळी पट्टी. मंडळाच्या पोरांचं म्हणणं, ताई, भिंत जरा उंच करा, मिरवणुकीत लांबून दिसायला पाहिजे. आप्पांनी नाही म्हटलंय. मग आम्ही असं ठरवलंय की भिंत तेवढीच ठेवायची, पण बाजूला त्याच स्केलचं गलबत उभं करायचं, तळ भिंतीला टेकलेला, म्हणजे बघणाऱ्याला अंदाज येईल. पाण्याचा रंग अजून ठरलेला नाही, त्यासाठी दादा कोकणात जातो म्हणतोय, मला वाटतं त्याला मासे खायचेत.