केलाँग ते काझा : एकाच जिल्ह्यातले दोन दिवस

हिमाचलातल्या लाहौल खोऱ्यातल्या केलाँगहून स्पिती खोऱ्यातल्या काझाला जायला किती वेळ लागतो, असे मनालीतल्या एजंटाला विचारले तेव्हा "एकच तर जिल्हा आहे, पाच-सहा तास" असे त्याने सहज सांगितले, आणि आम्ही पुणेकरांनी पुणे-बारामतीच्या हिशेबाने त्यावर विश्वास ठेवला. अंतर 190 किलोमीटरच्या आसपास आहे. आम्हाला दोन दिवस लागले. त्यातली एक रात्र वाटेतल्या छतरूच्या तंबूत, ओल्या मोज्यांनिशी काढावी लागली.

लाहौल-स्पिती हा जिल्हा क्षेत्रफळाने पुणे जिल्ह्यापेक्षा थोडाच लहान आहे, आणि 2011 च्या जनगणनेनुसार त्याची लोकसंख्या होती 31,564. मात्र खरी अडचण विस्ताराची नाही. जिल्ह्याच्या नावात मधोमध जी छोटी आडवी रेघ आहे, ती जमिनीवर साडेचार हजार मीटरहून उंच असलेली कुंझुम खिंड आहे. खिंडीच्या पश्चिमेचे पाणी चंद्रा नदीला मिळते. चंद्रा पुढे तांदीला भागेला भेटते आणि त्यांची चिनाब होते. पूर्वेचे पाणी स्पिती नदीतून खाबजवळ सतलजला जाते. ही दोन पाणी एकत्र येतात ती थेट पाकिस्तानात, पंजनदला. एवढ्यावरून त्या एजंटाच्या "एकच जिल्हा" या म्हणण्याची किंमत कळावी.

इतिहासही याच रेघेने विभागलेला आहे. लाहौलचा मोठा भाग कुलूच्या राजांकडे होता, तर स्पिती लडाखच्या ताब्यात. 1846 मध्ये दोन्ही खोरी इंग्रजांकडे आली. त्यांनी स्पिती काश्मीरच्या महाराजांकडे न सोडता स्वतःकडे ठेवले, त्याचे एक कारण चांगथांगच्या, म्हणजे तिबेटकडच्या उंच पठाराच्या, लोकरीच्या व्यापाराची वाट होती. तेथला रोजचा कारभार मात्र नोनोकडेच, म्हणजे स्पितीच्या वंशपरंपरागत सरदाराकडेच, राहिला आणि 1873 च्या स्पिती रेग्युलेशनने त्याला कायद्याचे रूप मिळाले. 1960 मध्ये पंजाब राज्यात दोन्ही खोऱ्यांचा मिळून स्वतंत्र जिल्हा झाला, 1966 मध्ये तो हिमाचलात आला, आणि मुख्यालय ठरले केलाँग. हिवाळ्यात कुंझुम बंद झाल्यावर काझाच्या माणसाला स्वतःच्याच जिल्ह्याच्या मुख्यालयात मोटारीने जायचे तर किन्नौर, शिमला, मनाली आणि अटल बोगदा असा सातशे किलोमीटरहून मोठा वळसा पडतो. म्हणूनच 1986 पासून काझासाठी प्रशासनाची वेगळी व्यवस्था आहे. सरकारला जे समजले, ते आम्हाला समजायला वाटेतल्या ग्रांफूपुढचा पहिला नाला लागला.

आमची चूक अशी की आम्ही केलाँगहून निवांत नाश्ता करून दहा वाजता निघालो. कोकसरपर्यंत रस्ता उत्तम होता आणि दोन्ही बाजूंना बटाटा-वाटाण्याची हिरवीगार शेते होती. हा सगळा भाग फसवा आहे, कारण तो पाहून पुढचाही प्रवास असाच होईल असे वाटते. ग्रांफूला मनाली-लेह रस्ता सोडून काझाकडे वळले की छतरू, छोटा दर्रा आणि बातल असा जेमतेम 50 किलोमीटरचा टप्पा येतो, आणि हा वृत्तांत मुख्यतः त्या 50 किलोमीटरांसाठीच लिहीत आहे. रुंदीकरणाचे काम तुकड्या-तुकड्यांनी चालू होते, पण जुलैत आम्ही गेलो तेव्हा रस्ता म्हणजे बहुतेक ठिकाणी नदीच्या पात्रातले गोटेच होते. गाडी ताशी दहा-बारा किलोमीटरच्या वर गेली नाही.

खरा धोका गोट्यांचा नाही, पाण्याचा आहे. या टप्प्यात डोक्यावरच्या हिमनद्यांमधून नाले थेट रस्त्यावर उतरतात. त्यांपैकी एकाला 'पागल नाला' असेच नाव पडलेले आहे. सकाळी आठला जो नाला घोट्याएवढा असतो, तोच दुपारच्या उन्हाने बर्फ वितळल्यावर तीन-चार वाजता मांडीपर्यंत येतो, आणि सोबत दगडही आणतो. याच भागात बडा शिगरी ही हिमाचलातली सर्वांत मोठी हिमनदी आहे. 1836 मध्ये तिने पुढे सरकून चंद्रेचे पात्रच अडवले होते आणि मागे तलाव साचला होता. अशा ठिकाणी दुपारी तीन वाजता भाड्याची गाडी घेऊन पोहोचणे हा शुद्ध मूर्खपणा होता, आणि तो आम्ही केला. पुढची गाडी मधोमध अडकली, जेसीबी येईपर्यंत पाणी आणखी वाढले, आणि आम्हाला मागे फिरून छतरूला मुक्काम करावा लागला. दुसऱ्या दिवशी सकाळी सहाला त्याच नाल्यातून आमची गाडी चाके भिजवून निघून गेली.

बातलला चहा घेताना चालकाने नवीन विषय काढला. ठरलेले 12 हजार रुपये लाहौलपुरते होते, कुंझुमपलीकडे स्पितीचा दर वेगळा, त्याचे चार हजार जास्त लागतील, असे त्याने शांतपणे सांगितले. नोनोंचे राज्य संपून इतकी वर्षे झाली तरी ही जकात कुणी चालू ठेवली, असे विचारावेसे वाटले. पण त्या जागी ना पोलीस, ना मोबाईलची रेंज, ना दुसरी गाडी. मेहुण्यांनी तासभर घासाघीस करून ती रक्कम अडीच हजारांवर आणली. कुंझुमला याच गृहस्थाने मोठ्या भक्तिभावाने गाडीतून देवीला प्रदक्षिणा घातली. तात्पर्य, भाडे ठरवताना 'काझा बसस्थानकापर्यंत, नाल्याचा खोळंबा धरून' हे शब्द कागदावर लिहून घ्या आणि अर्धे पैसे काझात पोहोचल्यावरच द्या. त्याहून बरे म्हणजे हंगामात मनालीहून काझाला जाणारी हिमाचल परिवहनची बस घ्या. ती पहाटे निघते, तिचा चालक हे नाले रोज ओलांडतो, आणि त्याचे तिकीट मध्येच बदलत नाही.

चंद्रतालला वाट बातलच्या पुढे लगेच फुटते. तलाव सुंदर आहे यात वाद नाही, पण मनालीहून त्याच दिवशी तेथे मुक्कामाला जाऊ नका. दोन हजार मीटरवरून एका दमात सुमारे 4,300 मीटरवर झोपायला गेलेली दोन कुटुंबे आम्हाला परतताना भेटली, आणि त्यांच्यातल्या कुणालाच तलावाचा रंग आठवत नव्हता. विरळ हवेची सवय नसेल तर शिमला-किन्नौर बाजूने हळूहळू चढत काझाला या आणि कुंझुम शेवटी ठेवा. त्या दिशेने काझाहून पहाटे चारला निघालात, तर बातलपुढचे नाले दुपारच्या आत पार होतात.

काझा आणि आसपासच्या 'की', ताबो, धनकर या गावांत चार दिवस राहिलो. ते सुखाचे गेले आणि त्याविषयी लिहिण्यासारखी तक्रार नाही. ताबोचा मठ 996 सालचा आहे, त्याला सबंध सकाळ द्यावी, आणि आत छायाचित्रे काढता येत नाहीत.

तांदीच्या पंपावर टाकी भरून घ्या, कारण त्यानंतरचा भरवशाचा पंप आम्हाला काझातच दिसला. रोख रक्कम दुप्पट बाळगा. पायांत लवकर वाळणाऱ्या सँडल असू द्या. आमचे महागडे ट्रेकिंगचे बूट त्या नाल्यात भिजले ते ताबोला पोहोचेपर्यंत वाळले नाहीत. आणि केलाँगचा नाश्ता डब्यात बांधून घ्या. पाच वाजता निघा.