नवतपा ते पोळा: सांदवाडीतल्या कोंबड्यांची नोंद

मंडळी, पोळा झाला आणि आमच्या कळपाची अंडी पुन्हा होळीच्या सुमाराला होती तितकी येऊ लागली. कळप तोच: आठ गिरिराज (संकरित जात), चार गावरान, एक कोंबडा. दारव्हा तालुक्यातलं गाव, घरामागे सांदवाडी, तिथंच कडुलिंबाखाली खुराडा.

या वेळी लिहायचंय ते मुख्यतः उन्हाळ्याबद्दल. आपल्याकडे दाण्यापेक्षा सावली आणि पाणी जास्त अंडी देतात, हे माझं मत यंदा आणखी पक्कं झालं. पारा पंचेचाळिशी गाठतो तेव्हा कोंबडीला घाम येत नाही. चोच उघडी टाकून धापा टाकणं एवढाच तिचा थंडावा. या धापांतून कार्बन डायऑक्साइड जास्त बाहेर जातो, रक्तातलं बायकार्बोनेट घटतं आणि कवचाला लागणारं कार्बोनेट कमी पडतं. म्हणून मे महिन्यात अंडं पातळ कवचाचं निघालं की लगेच कॅल्शियमसाठीचा शिंपल्याचा चुरा वाढवू नका, आधी दुपारी खुराड्यात हात घालून पाहा किती तापलंय ते.

टिनावर तुराट्यांचा जाड थर आणि त्यावर कुटार टाकलं, पश्चिमेकडून ओलं गोणपाट लावलं. पाणी मातीच्या पसरट कुंड्यांत, तेही दोन ठिकाणी, नाहीतर दांडग्या कोंबड्या बाकीच्यांना पिऊ देत नाहीत. दाणा तांबडं फुटायच्या आत आणि मग थेट दिवेलागणीला. भर दुपारी खाल्लं तर पचनाची उष्णता अंगातल्या तापात भर घालते. नवतप्यात, म्हणजे मेअखेरच्या कडक उन्हाच्या नऊ दिवसांत, अंडी निम्म्यावर आली, पण उन्हानं एकही कोंबडी गेली नाही. याचा मला फार आनंद आहे. एक लक्षात ठेवा: गोणपाटाचा उपाय कोरड्या हवेतलाच. मृगाचा पाऊस लागला की ते काढून टाका, दमट हवेत त्यानं गारवा येत नाही, फक्त ओल आणि बुरशी वाढते.

दाण्यात ज्वारी, मक्याचा भरडा आणि तुरीची चुनी. घरात सोयाबीनची पोती असली तरी ते कच्चं देऊ नये. त्यातला घटक प्रथिनं पचू देत नाही. नीट भाजलं की चालतं. आणि सरकीची ढेप! ती प्रत्येक कोठ्यात असते, कोंबड्या गव्हाणीत शिरून टिपतात. ढेपेतल्या गॉसिपॉलमुळे ठेवणीतल्या अंड्याचा बलक हिरवट पडतो. गिऱ्हाईकाला ते अंडं नासकंच वाटणार. मी गव्हाणीपुढे टट्टा बांधलाय.

एका कवचात साधारण दोन ग्रॅम कॅल्शियम असतं आणि ते बरंचसं रात्रीत बनतं, म्हणून शिंपल्याचा चुरा संध्याकाळी, वेगळ्या वाटीत ठेवते. ज्या कोंबडीला लागतो ती खाते.

पावसात तांदुळजा, घोळ भरपूर उगवली, बलक केशरी झाला. मुंगसाचा फेरा सुरू आहे, जाळी जमिनीत वीतभर गाडली.

आता एक गावरान खुडूक झाली आहे. वर्षाला ६० ते ७० अंडी देणारी ही कोंबडी गिरिराजच्या निम्म्यानंही अंडी देत नाही, तरी मी ती ठेवते, कारण अंड्यांवर बसावं तिनंच आणि घार दिसली की पिल्लं पंखाखाली घ्यावीत तिनंच. तिच्याखाली गावरान अंडीच ठेवलीत. गिरिराज संकरित, तिच्या पिल्लांत आईचे गुण उतरतीलच असं नाही. सातव्या रात्री मोबाईलच्या उजेडात अंडी तपासून रिकामी बाजूला काढणार.

२१ दिवसांनी पिल्लं निघाली की पहिल्या आठवड्यात मानमोडीवरच्या (राणीखेत रोगावरच्या) लासोटा लसीचा थेंब डोळ्यात, आठव्या आठवड्यात त्याच रोगावरच्या आरटूबी लसीचं इंजेक्शन. मानमोडी गल्लीत शिरली की खुराडेच्या खुराडे रिकामे करते. लसीच्या एका बाटलीत शंभर डोस येतात, एकदा कालवली की ती दोन तासांत संपवावी लागते, म्हणून शेजारच्या काकूंना आणि पलीकडच्या दोन घरांना आधीच सांगून ठेवलंय. बर्फाचा थर्मास मी आणणार, कोंबड्या आदल्या रात्रीच डालग्याखाली झाकून ठेवायच्या.