मायनर विकायला काढली

शनिवार, रात्री

गाडीचे फोटो काढून झाले. तीन आठवडे नुसतं 'विकू' म्हणत होतो, आज कॅमेरा हातात घेतल्यावर ते खरं झालं. फोटोंत मात्र नेमकं राहिलेलं तेवढंच दिसतंय. छताला कापड नाही, पुढची-मागची काच नाही, दारांची आतली पॅनलं नाहीत. सहा वर्षांत जे झालं ते सगळं पत्र्याच्या आत आहे.

मॉरिस मायनर १०००, १९५९ची, चार दारांची. घेतली तेव्हा वरून छान दिसत होती. मागचे स्प्रिंगचे पाटे पुढच्या टोकाला बॉडीला जिथे धरतात, तिथे स्क्रूड्रायव्हर टेकवला तर तो मुठीपर्यंत आत गेला. या गाडीला वेगळी चेसिस नाही, भार पत्राच पेलतो, म्हणून तिथला गंज म्हणजे मुळावर घाव. दारांखालचा पत्रा कापण्याआधी चौकटीत आडव्या सळ्या वेल्ड करून घेतल्या होत्या. चौकट जराशी जरी हलली तरी दार पुन्हा जन्मात नीट लागत नाही. एक बाजू पुरी होईपर्यंत दुसरीला हात लावला नाही. आज चारही दारं बोटाने ढकलली तरी 'टक' करून लागतात. तो 'टक' फोटोत कसा दाखवायचा?

सोमवार

खांद्याचं डॉक्टरांनी स्पष्टच सांगितलं. स्नायू फाटलाय, शस्त्रक्रिया केली तरी हात डोक्याच्या वर फार वेळ धरता येणार नाही. आणि राहिलेलं काम नेमकं तेच आहे. छताचं कापड तारांच्या कमानींवर ओवायचं, ताणायचं, कडेकडेने चिकटवत न्यायचं. कापडाची कड काचेच्या रबराखाली जाते, त्यामुळे ते झाल्याशिवाय काचाही बसत नाहीत.

धाकटा भाऊ म्हणाला, "एवढंच राहिलंय तर कुणाकडून तरी करून घे, दादा." करून घेता येईल रे. पण ही गाडी पुरी झाली की हात धुऊन मोकळं होण्यातली नाही. ब्रेकचा मास्टर सिलिंडर ड्रायव्हरच्या पायाखाली, फ्लोअरच्या पोटात. ग्रीस गन घेऊन सारखं खाली शिरावं लागतं. मला ते जमलं नाही की ती उभी राहणार, आणि उभी गाडी आतून बिघडत जाते. ब्रेकचे सिलिंडर जाम होतात, कार्ब्युरेटरमध्ये पेट्रोलचा चिकट थर बसतो, टायर एका जागी चपटे होतात. जिचा गंज मी स्वतःच्या हाताने कापून काढला, तिला माझ्याच दारात पुन्हा गंज चढलेला मला बघवणार नाही.

बुधवार

दोघं येऊन गेले. पहिल्या गृहस्थांनी गाडीभोवती एक फेरी मारली, रंगाचं विचारलं, भाव पाडायला बघितला. बॉनेट उघडलंच नाही.

संध्याकाळी एक मुलगी आली, तिशीची असेल. आल्या आल्या गुडघ्यांवर बसली आणि टॉर्च थेट मागच्या पाट्यांच्या टोकाशी मारली. वेल्डिंगवरून बोट फिरवलं, काही बोलली नाही. मग बॉनेटवर मधोमध जी सपाट पट्टी आहे, तिच्यावर हात ठेवून म्हणाली, "काका, ही मूळचीच ना?"

मूळचीच. ही गाडी घडवणारे इसिगोनिस यांना नमुन्याची गाडी अरुंद वाटली, म्हणून त्यांनी ती लांबीत कापायला लावली आणि दोन्ही अर्धी एकमेकांपासून दूर सरकवत नेली. चार इंचांवर मनासारखी दिसली, बॉनेटवरची पट्टी त्याचीच खूण. गाडी १९४८ साली बाजारात आली, तेव्हा जुन्या मापाचे बंपर तयार होते, तेही मधोमध कापून पट्टी जोडली. जवळजवळ पुरी झालेली गाडी कापायला किती धीर लागला असेल! मी हे सांगत होतो आणि ती मनापासून ऐकत होती.

मी दोष सगळे सांगितले. डाव्या खांबातून वळताना बाहेर येणारा इशाऱ्याचा हात अर्ध्यावर अडकतो. गिअरबॉक्सखाली तेलाचा थेंब पडतो. मागच्या दिव्याच्या अर्थिंगमधला बिघाड मला अजून सापडलेला नाही.

"चालू करू?"

किल्ली फिरवली. बॉनेटखाली पेट्रोलचा पंप टक-टक-टक करू लागला. बहुतेक जण इथेच स्टार्टरची मूठ ओढतात. तिने ओढली नाही. मान जराशी कलती करून ऐकत राहिली. कार्ब्युरेटरची वाटी भरत आली तशी टकटक संथ झाली, मग थांबली. तेव्हा कुठे तिने चोक ओढला आणि मूठ खेचली. पहिल्या झटक्यात इंजिन लागलं.

मी तिथेच गाडी तिला देऊन टाकली. पैशांचं नंतर बोललो.

शुक्रवार, रात्री

रविवारी ट्रेलर येतोय. दोन्ही काचा ब्लँकेटमध्ये गुंडाळून ठेवल्या. डब्यांवरची अक्षरं पुसट झाली होती, ती पुन्हा गिरवली: 'मागचं उजवं दार', 'डॅशबोर्ड', 'बंपरचे बोल्ट'. वायरिंगची वही पुढच्या सीटवर ठेवली, शेवटच्या पानावर अर्थिंगसाठी कुठं कुठं शोधून झालंय ते लिहिलंय.

दारांच्या रबराची पिशवी तेवढी सापडत नाहीये. उद्या उजेडात माळा पाहतो.