सी प्रोग्रॅममधून थेट सेफ क्लस्टरवर : माझा लिबराडोसचा अनुभव

महापेच्या आमच्या ऑफिसात तपासणी कॅमेऱ्यांचे फोटो सेफ (Ceph, म्हणजे अनेक मशीनवर डेटा वाटून ठेवणारी साठवण प्रणाली) क्लस्टरवर साठवायचे होते. मध्ये गेटवे नको, सी प्रोग्रॅमनेच थेट लिहावं असं ठरलं आणि काम माझ्याकडे आलं.

उबंटूवर लिबराडोसचं, म्हणजे प्रोग्रॅममधून सेफशी थेट बोलणाऱ्या लायब्ररीचं, डेव्ह पॅकेज टाकलं. क्रम सरळ आहे : राडोस_क्रिएट२ने हँडल घ्यायचं, कॉन्फिग फाइल वाचायची, राडोस_कनेक्ट, मग पूलचा (क्लस्टरमधल्या साठवणीच्या एका नावाच्या विभागाचा) आयओ कॉन्टेक्स्ट, म्हणजे त्या पूलवर लिहा-वाचायचं हँडल. कनेक्टने शून्य दिलं, म्हणजे सगळं ठीक. पण राडोस_राइट_फुल (पूर्ण ऑब्जेक्ट, म्हणजे आमचा एक फोटो, एकदम लिहिणारं फंक्शन) जे अडकलं, ते परत येईचना. एररही नाही.

सेफचं खरं मर्म मला इथे कळलं. कनेक्ट होतं ते मॉनिटरशी, आणि मॉनिटर फक्त क्लस्टरचा नकाशा देतो. कुठलं ऑब्जेक्ट कुठल्या ओएसडीवर (डिस्कवर डेटा ठेवणाऱ्या प्रोसेसवर) जाणार, हे लायब्ररी आपल्याच मशीनवर क्रश अल्गोरिदमने काढते आणि त्या ओएसडीशी थेट बोलते. आमच्या फायरवॉलमध्ये मॉनिटरचे ३३०० आणि ६७८९ एवढेच पोर्ट उघडे होते. ओएसडींचे ६८००पासून पुढचे बंद.

नेटवर्कचे सीनिअर म्हणाले, "अरे, कनेक्ट होतंय ना? मग आमच्याकडे काय?"

मी 'सेफ ओएसडी डंप'मधले पत्ते दाखवले. "सर, ॲप्लिकेशनला यातल्या प्रत्येकापर्यंत पोचावं लागतं."

पोर्ट उघडले आणि अडकलेलं लिहिणं थोड्याच वेळात आपोआप पूर्ण झालं. लायब्ररी इतका वेळ चिकाटीने प्रयत्न करत होती, याचं मला फार कौतुक वाटलं. राडोस_ओएसडी_ऑप_टाइमआउट मुळात शून्य असतो, म्हणजे कितीही वेळ थांबायची तयारी. मी तो ३० सेकंद केला. मुदत संपली की उणे ११० हा एरर कोड येतो. तेव्हा डेटा पोचला की नाही हे ठरवता येत नाही, म्हणून त्याच नावाने पूर्ण ऑब्जेक्ट पुन्हा लिहायचं. राइट_फुल असल्याने त्यात धोका नाही.

ॲडमिनची की ॲप्लिकेशनला देऊ नका, हे मात्र कळकळीने सांगतो. एका पूलपुरता वेगळा यूजर करा; दुसऱ्या पूलमध्ये लिहायला गेलात तर उणे १, म्हणजे परवानगी नाही, असं मिळेल, आणि तेच हवं.

वेगाचा प्रश्न राडोस_एआयओ_राइटने, म्हणजे उत्तराची वाट न बघता लिहिणं रवाना करणाऱ्या फंक्शनने, सुटला. तीन प्रतींच्या पूलमध्ये सगळ्या प्रती लिहून झाल्यावरच होकार येतो, त्यामुळे एकेका फोटोसाठी थांबणं परवडत नाही. आता बरेच फोटो एकदम रवाना होतात आणि बंद करताना आधी राडोस_एआयओ_फ्लशने उरलेलं लिहिणं पूर्ण होऊ द्यायचं, मग कॉन्टेक्स्ट सोडायचा, शेवटी राडोस_शटडाउन.