ब्लॉक देताना दिसलेली गाठ

उजव्या मनगटाचं हाड मोडलं आणि प्लेट बसवायचं ठरलं. पूर्ण भूल न देता नुसता हात बधिर करू, असं भूलतज्ज्ञ डॉक्टरांनी सुचवलं. हाताच्या नसा, म्हणजे मज्जातंतू, मानेतल्या मणक्यांमधून निघतात, कॉलरबोनच्या मागे दाटीने एकत्र येतात आणि काखेतून खाली जातात. त्या दाटीत औषध सोडलं की जवळजवळ सगळा हात बधिर होतो. यालाच ब्लॉक म्हणतात. कुलेनकाम्फ नावाच्या जर्मन सर्जननी १९११च्या सुमारास हा ब्लॉक आधी स्वतःवर करून पाहिला होता. तेव्हा सोनोग्राफी नव्हती. सुई नसेला लागून हातात झिणझिण्या आल्या की जागा सापडली असं समजायचं, आणि फुफ्फुसाचं आवरण मात्र तिथून अगदी जवळ!

माझ्या वेळी सोनोग्राफीचा पडदा समोर होता. धमनीच्या बाजूला नसा द्राक्षांच्या घोसासारख्या दिसत होत्या. डॉक्टरांनी सुई हातात घेतली आणि पुन्हा खाली ठेवली. घोसाला लागून आणखी एक काळा गोल होता. त्यांनी प्रोब, म्हणजे त्वचेवर टेकवायचं सोनोग्राफीचं उपकरण, हळूहळू वर-खाली सरकवला. नसा सरकत्या चित्रातही दिसत राहिल्या, हा गोल मात्र थोड्याच अंतरावर संपला. मग रक्तप्रवाहाचे रंग लावून पाहिले. "ही नस नाही, लसिका ग्रंथी आहे, आणि मोठी झालीय," त्या म्हणाल्या. एका जागी थांबून पाहिलं तर दोन्ही सारख्याच दिसतात. ग्रंथीला नस समजून तिच्याभोवती औषध सोडलं असतं, तर हात नीट बधिर झाला नसता. शिवाय तपासणी न झालेल्या गाठीच्या आसपास सुई घालणं त्यांना पटत नव्हतं.

त्यांनी जागा बदलली आणि काखेतून ब्लॉक द्यायचं ठरवलं. आधी काखेतल्या ग्रंथीही पाहिल्या. त्या लांबट होत्या, मध्ये पांढरा भाग होता. निरोगी ग्रंथी अशी दिसते, हे त्यांनी मला दाखवलं. वरची गाठ गोल होती आणि तिच्यातला तो पांढरा भाग गेला होता.

काखेत धमनीभोवतीच्या तीन नसांना औषध दिलं, चौथी स्नायूत शिरलेली असते म्हणून तिला वेगळं. दंडाच्या आतल्या बाजूची संवेदना छातीकडून येणारी नस सांभाळते, ती या ब्लॉकमध्ये येत नाही. रक्तप्रवाह थांबवण्यासाठी दंडावर आवळपट्टी बांधायची असल्याने तिथे कातडीखाली आणखी एक इंजेक्शन झालं. कानात आवाज आला, तोंडाभोवती बधिर वाटलं किंवा जिभेवर धातूसारखी चव आली तर लगेच सांगा, असं त्या मधूनमधून बजावत होत्या; औषध रक्तात जास्त गेल्याची ती लक्षणं. ऑपरेशन शांतपणे पार पडलं. ब्लॉक उतरायच्या आत वेदनाशामक गोळी घ्यायला सांगितलं होतं, ते मी पाळलं. कुणाचा ब्लॉक असेल तर हे विसरू नका, कारण उतरताना दुखणं एकदम अंगावर येतं.

त्या गाठीची धास्ती मात्र घरी गेल्यावर सुरू झाली. कॉलरबोनच्या वरची वाढलेली ग्रंथी कधीच दुर्लक्ष करण्यासारखी नसते. क्षयरोग, लिम्फोमा (लसिका ग्रंथींचाच कॅन्सर) किंवा छाती-पोटातल्या कॅन्सरचं पसरणं, या सगळ्या शक्यता तपासाव्या लागतात. वजन, ताप, रात्रीचा घाम, खोकला, सगळं विचारून झालं. छातीचा सीटी स्कॅन झाला आणि सोनोग्राफीत पाहत गाठीतून सुईने नमुना घेतला. निकालाची वाट पाहणं मला ऑपरेशनपेक्षा कितीतरी जड गेलं.

निदान क्षयरोगाचं निघालं. जंतूंच्या जनुकीय तपासणीत ते रिफॅम्पिसिन या क्षयरोगावरच्या मुख्य औषधाला दाद देणारे आहेत हे कळलं आणि ६ महिन्यांची औषधं सुरू झाली: पहिले २ महिने चार औषधं, पुढे कमी. लघवीचा रंग नारिंगी होतो, हे आधीच सांगितल्यामुळे घाबरायला झालं नाही. मध्येच गाठ उलट वाढली तेव्हा मात्र मी हादरून गेले. उपचार चालू असतानाही प्रतिकारशक्तीच्या प्रतिक्रियेने असं होऊ शकतं, पण औषधं लागू पडत नाहीत असं तर नाही ना, तेही पाहावं लागतं, म्हणून पुन्हा तपासणी झाली. औषधं तीच राहिली आणि गाठ हळूहळू बसली. कोर्स संपल्यावरही बारीकशी गाठ हाताला लागते. ती वाढत नाही तोवर काही करायला नको, असं डॉक्टरांचं म्हणणं आहे.

पुढे कधी प्लेट काढायची वेळ आली तर पुन्हा ब्लॉक लागेल. म्हणून गाठीची बाजू, जागा आणि निदान लिहिलेला कागद मी मनगटाच्या एक्स-रेबरोबरच ठेवला आहे. तो भूलतज्ज्ञांना आधी दाखवणार आहे.